ज्याची कविता त्याच्याकडं

लोणंदच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका शालनताई निवृत्त झाल्या, त्या समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. माझी बहीण त्याच शाळेत शिकवते, तिच्या आग्रहाखातर मी सांगलीहून गेलो होतो. हार झाले, नारळ झाला, तीन जणांनी ‘बाईंच्या जाण्याने पोकळी’ वगैरे बोलून घेतलं. मग शालनताईंनी माईक हातात घेतला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि समोर मांडी घालून बसलेल्या पोरांकडं बघत एवढंच म्हणाल्या:

आभाळाची लेक आली
डोंगरावरनं उतरून,
ओढ्याओढ्याला हाका देत
गेली नदीला बिलगून.
तिचं नाव घे गं पोरी,
पाणी, पाणी, पाणी!

शेवटची ओळ पोरांनी त्यांच्याबरोबर ओरडून म्हटली. म्हणजे ही कविता त्यांना पाठ होती. मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे कुठलीही कविता ऐकली की कुणाची, कुठल्या पुस्तकातली, हा किडा डोक्यात वळवळतोच. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं.

“कुणाची हो ही कविता?”

“माझी.”

“तुम्ही केलीत?”

“केली आमच्या ज्ञानूमामांनी. पण आहे माझी.”

हे काही मला उमगलं नाही. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

शालनताई लहानपणी बोलताना अडखळायच्या. सगळ्यात वाईट अडायचा तो ‘प’. वर्गात पाणी मागायला उभं राहिलं की ‘प... प...’ सुरू व्हायचं आणि बाकडी हसायला लागायची. शेवटी त्यांनी पाणी मागणंच सोडून दिलं. दिवसभर तहानलेल्या राहायच्या आणि घरी आल्या की तांब्या तोंडाला लावायच्या. घरात कुणाच्या हे ध्यानात आलं नाही. सुट्टीला आलेल्या मामांच्या आलं.

“मामा कधी ‘कशी आहेस’ असं विचारायचे नाहीत,” शालनताई म्हणाल्या. “लहान असो, मोठं असो, भेटलं की पहिला प्रश्न, ‘काय दिसलं?’ आज काय बघितलंस ते सांग. नुसतं ‘काही नाही’ म्हटलं तर त्यांना चालायचं नाही. त्या दिवशी मी काहीच बोलले नाही, तर म्हणाले, ‘मला दिसलं. तू एका दमात तांब्या संपवलास.’”

दोन दिवसांनी मामांनी तिला ओट्यावर बसवलं आणि पहिल्या चार ओळी शिकवल्या. म्हणाले, “ह्यात तुझा वैरी कुठंच न्हाई. बघ हुडकून.” तिनं शोधलं. पाण्यावरची कविता, पण तीत ‘प’ नव्हता. तिनं ती आईसमोर, आजीसमोर, शेजारणीसमोर घडाघडा म्हणून दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता सलग काहीतरी बोलली होती.

पुढच्या दिवाळीला मामा आले ते उरलेल्या दोन ओळी घेऊन. “आता वैऱ्याला दारात घ्यायचं,” म्हणाले. ती रडकुंडीला आली. एक ‘पोरी’ आणि वर तीन वेळा ‘पाणी’! मामा शांतपणे म्हणाले, “अडखळ की. कितीबी अडखळलीस तरी तीनच पाणी हायत. त्याच्या फुडं कविता संपतीया.”

शालनताईंनी ती ओळ म्हणेपर्यंत मामांचा चहा गार झाला. तो त्यांनी तसाच प्यायला. एरवी त्यांचा नेम असा होता की, कविता चहा निवायच्या आत पाठ झाली पाहिजे. नाही झाली, तर चूक पाठ करणाऱ्याची नाही, कविता लांबली.

“मग हे लिहून ठेवलंय कुठं त्यांनी?” मी विचारलं.

“कुठंच नाही. मामा ज्याच्यासाठी कविता करायचे, त्याला ती पाठ करून द्यायचे. एकदा दिली की पुन्हा स्वतः म्हणायचे नाहीत. ‘ज्याची कविता त्याच्याकडं राहू दे,’ म्हणायचे. आमच्यात दुसऱ्याची मागायची पण नाही. माझ्या आईला एक दिली होती. ती मी कधी ऐकली नाही. आई गेली.”

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मलाच हळहळ वाटली.

“बाकी कुणाकडं आहेत?”

“दिलीपकडं आहे एक, मामांच्या मुलाकडं. तो कोयनानगरला असतो. आणि धाकट्या मामांकडं असणारच, तिकडं तासगावच्या बाजूला. ज्ञानूमामांनी कुणाला वगळलं नाही.” मग म्हणाल्या, “पण धाकट्या मामांना विचारायचं धाडस तुमचं तुम्ही करा. त्या दोघांचं शेवटी शेवटी बोलणं नव्हतं.”

मी त्यांच्या ओळी लिहून घेऊ का, असं विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. “घ्या. मला आता रोज म्हणायला वर्ग नाही.”

*

कोयनानगरला जाताना घाटाच्या वळणांवर माझ्या डोक्यात एक माणूस तयार झाला होता. उंच, किडकिडीत, खांद्याला झोळी, जरा हरवलेला. शालनताई म्हणाल्याच होत्या की मामा उंच होते. दिलीपनं पहिल्याच वाक्यात तो माणूस मोडून टाकला.

“उंच? आमचा बाप? माझ्या खांद्याला लागायचा.” तो हसला. “शालन ल्हान असल. तिला सगळंच उंच दिसत असणार.”

दिलीप साठीचा आहे. रस्त्याकडेला त्याचं चहा-वड्याचं हॉटेल आहे. ज्ञानदेवरावांचा, म्हणजे ज्ञानूमामांचा, एकच फोटो त्याच्याकडं होता, प्रकल्पाच्या स्टोअरमधल्या माणसांचा. मागच्या रांगेत अंगात स्वेटर घातलेला एक बुटका माणूस, तोंड दुसरीकडं वळवलेलं. “नेमकं तवा काय तरी दिसलं असणार त्यास्नी,” दिलीप म्हणाला.

हे ज्ञानदेवराव धरणाच्या प्रकल्पात स्टोअरकीपर होते. वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सगळी नोकरी गेली. बारा महिने स्वेटर. खिशाला पेन नाही. स्टोअरचं काम स्टोअरच्या पेनानं, आणि कवितेला पेन लागत नव्हतं. छत्र्या मात्र घरात चार-पाच असत, कारण मोडक्या छत्र्या दुरुस्त करायचा त्यांना नाद होता. कोयनेच्या पावसात ही मोठीच सोय. “लोक दारात याचे ते ‘कविता द्या’ म्हणून न्हाई, ‘छत्री द्या’ म्हणून,” दिलीप म्हणाला. “कवी हायत हे निम्म्या कॉलनीला ठावं नव्हतं. ज्यांस्नी मिळाली, त्यांस्नीच म्हाईत.”

“तुम्हाला मिळाली ती कशी?”

दिलीपनं कढईतले वडे काढले, गॅस बारीक केला आणि माझ्यासमोर येऊन बसला.

तिकडं जमिनीला हादरे बसायचे ते नेहमीचेच. मांडणीवरची भांडी वाजायची, माणसं बाहेर पळायची, थोड्या वेळानं आत येऊन पुन्हा जेवायला बसायची. पण लहान दिलीपनं त्याची धास्ती घेतली. घरात झोपायला तयार होईना. अंगणात बाजलं टाक म्हणून आईच्या मागं लागायचा, आणि पावसाळ्यात तर अंगणात झोपायची सोय नव्हती. आई चिडायची, एकदोनदा मारलंही. वडील एका संध्याकाळी त्याला उंबऱ्यावर घेऊन बसले आणि म्हणाले, म्हण माझ्यामागं.

हलली तर हलू दे भुई,
ती बी कुणाची आई हाय,
मांडीवरल्या लेकराला
हलवल्याबिगर झोप न्हाई.

दिलीपनं हे म्हटलं तेव्हा त्याचा आवाज बदलला नाही, चेहराही नाही. गिऱ्हाइकाला चहा कितीला ते सांगावं तसं सांगितलं. पण म्हणून झाल्यावर तो उठला आणि उगाचच फडक्यानं स्वच्छ टेबल पुसत राहिला.

“मग आत झोपायला लागलात?”

“लगीच न्हाई. पर हादरा बसला की पळायच्या आधी ही म्हणायचो. म्हणून होईस्तवर हादरा थांबलेला असायचा.”

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे गृहस्थ, दिलीपच्या वडिलांबरोबर स्टोअरमध्ये काम केलेले, आमच्या बोलण्यात शिरले. “साहेबाची सांग की त्यास्नी,” ते दिलीपला म्हणाले आणि त्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगू लागले.

एका इंजिनियर साहेबांची बदली झाली. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की स्टोअरकीपर कविता करतो. त्यांनी बोलावून फर्मावलं, निरोप समारंभाला माझ्यावर एक चांगली कविता पाहिजे. ज्ञानदेवराव म्हणाले, “साहेब, तुमच्यात मला अजून काय दिसलं न्हाई.” सगळं ऑफिस गार. साहेब लालेलाल झाले. समारंभ कवितेविनाच पार पडला.

जायच्या दिवशी सामान ट्रकमध्ये चढलं, बायको-मुलं जीपमध्ये बसली. साहेबांनी क्वार्टरला कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि जीपपर्यंत आले. पुन्हा माघारी गेले, पुन्हा कुलूप ओढलं. आले. पुन्हा गेले. रिकाम्या घराचं कुलूप. ज्ञानदेवराव समोरून बघत होते. ते रस्ता ओलांडून आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, “जरा थांब गड्या, साहेबांचं एक ऱ्हायलंय.” आणि चालू जीपमध्ये बसलेल्या साहेबांकडून त्यांनी दोन ओळी पाठ करून घेतल्या.

कुलूप कशाला ओढता साहेब?
घर जीपमधी बसलंय.

“साहेब बायकोकडं बघाय लागले,” म्हातारे म्हणाले. “मग चष्मा काढून पुसाय लागले. घाट उतरेपतोर पुसत असतील.”

या म्हाताऱ्यांना ती कविता कशी ठाऊक, असं मी विचारलं. ती तर साहेबांची. ते ओशाळले. “आमी जीपच्या मागं हुतो. कानावर पडली, त्याला काय करणार?”

एकदा साताऱ्याहून दिवाळी अंक काढणारे कुणी सद्गृहस्थ ज्ञानदेवरावांना शोधत आले होते. त्यांना जेवू घातलं, छत्री दिली, पण कविता काही दिली नाही. “माझ्याकडं न्हाईत त्या. ज्यांच्या हायत त्यांस्नी विचारा,” हेच उत्तर. पाहुणे वैतागून म्हणाले, “अहो, असे वाया जाल तुम्ही.” त्यावर ज्ञानदेवराव म्हणाले, “वाया जात न्हाई. वाटून संपतोय.”

हे ऐकताना मला मजा वाटत होती. दिलीपला वाटत नसावी. म्हातारे गेल्यावर तो म्हणाला, “सर, तुमाला ही गंमत वाटतीया. आमची आई गेली, तवा मी बापाला इचारलं. म्हणलं, आईला दिलेली कसली हुती? निदान ती तरी सांगा. तर म्हणले, ‘तिच्यासंगं गेली.’ म्हणलं, तुमीच केली न्हवं? आठवत आसंल की! म्हणले, ‘मी ठेवली न्हाई रं दिलीप.’ आता ह्येला काय म्हणावं?”

“खरंच विसरले असतील?”

“विसरले असणार. बापानं खोटं बोलल्यालं मला आठवत न्हाई.”

शालनताईंना मी नंतर फोनवर हे सांगितलं, तर त्यांचं मत बरोबर उलटं. मामांना सगळ्या कविता शेवटपर्यंत पाठ होत्या. फक्त शब्द मोडायचा नाही म्हणून गप्प राहायचे. दोघंही जवळचे आणि दोघांचीही खात्री. माझ्याजवळ कौल द्यायला काहीच नव्हतं.

निघताना दिलीपला तासगावचा पत्ता मागितला. त्यानं दिला, पण म्हणाला, “आप्पा बोलायचं न्हाईत. गेलासा तर द्राक्षावर बोला. बापाचं नाव काढू नका.”

*

धाकटे भाऊ, बाबूआप्पा, ऐंशीच्या पुढचे आहेत. मी गेलो तेव्हा द्राक्षांची काढणी संपून बेदाण्याचं काम जोरात होतं. बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांचे मजले चढलेले, त्यांवर पसरलेली द्राक्षं सुकून तपकिरी होऊ लागलेली, सगळीकडं गोड, जरा आंबूस वास. आप्पा पालथ्या क्रेटवर बसून बेदाण्यातल्या काड्या वेचत होते. वेचायला बायका होत्या, मशीनही होतं. पण हे आपले बसले होते.

दिलीपनं सांगितल्याप्रमाणे मी द्राक्षांवरच बोललो. पाऊस, औषधं, पाणी. आप्पा नीट उत्तरं देत होते. मग एकदम म्हणाले, “मास्तर, तुमी द्राक्षं बघाय आला न्हाईसा.”

मी खरं ते सांगितलं.

आप्पांनी मूठभर बेदाणे माझ्या हातावर ठेवले. “खावा,” म्हणाले. आणि माझ्याकडं न बघता बोलू लागले.

“मला काय दिली न्हाई त्यानं. लोकास्नी वाटत बसला. आवं, कविता कराय त्याला सवड कशी गावली? इचारा की. वडील गेलं तवा तो कोयनंला नोकरीवर लागल्याला. घरात आई, म्या, आन् एक भन. कुणी तरी नांगर धराय पायजे का नगो? मी सातवीत हुतो. पयला नंबर हुता माजा. मास्तर घरी आलं, म्हणलं, पोराला शाळंत धाडा. आईनं हात जोडलं. झालं, सपलं. तो म्हैन्याला पैसं धाडायचा, न्हाई म्हणत न्हाई मी. पर पैशानं नांगर वडला जातोय व्हय?”

आई शेवटपर्यंत आप्पांकडंच होती. ती गेल्यावर दिवसाच्या कार्याला सगळे जमले. जेवणं झाल्यावर बहिणीनं, म्हणजे शालनताईंच्या आईनं, आपल्या आईला मिळालेल्या कवितेचा विषय काढला. ज्ञानदेवराव म्हणाले, ती आईसोबत गेली. बायका रडायला लागल्या, कुणी म्हणालं, काय हा लेक! आप्पांना ते सहन झालं नाही. भरल्या अंगणात ते थोरल्या भावाला म्हणाले, “आईचं हागणंमुतणं काढाय आमी, आन् कविता द्याय तू!”

ज्ञानदेवराव उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. त्यानंतर बोलणं बंद. लग्नकार्यात एकमेकांसमोर यायचे, पण न बघितल्यासारखं करायचे. बहिणीनं दोघांची खूप मनधरणी केली. तिच्यानंही जमलं नाही.

एवढं सांगून आप्पा पुन्हा काड्या वेचू लागले. मला वाटलं, संपलं. इथं कविता नाही. शालनताईंचा अंदाज चुकला. मी उठलो, नमस्कार केला. आप्पांची सून चहा घेऊन आली, तिनं पुन्हा बसवलं. बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबला, क्रेट उतरू लागले. त्या आवाजात आप्पा म्हणाले, “मास्तर, मगाशी मी खोटं बोललो.”

सून जागच्या जागी थबकली. तिनंही हे कधी ऐकलं नसावं.

“आला हुता तो. जायच्या आदल्या उन्हाळ्यात, द्राक्षं काढाय आली हुती तवा. बाग माणसांनी भरल्याली. एसटीतनं उतरला आन् सरळ बांधावनं माज्याफुडं. इतक्या वर्सांनी आला, पर काय बी न्हाई, तेच. ‘बाबू, काय दिसलं?’ म्या म्हणलं, ‘दिसतंय की तुला. घड काढतोय.’ म्हणला, ‘तुझी एक हाय. लय दीस झालं करून. म्हण माज्यामागं.’”

“मग?”

“म्या कात्री चालवत ऱ्हायलो. त्यानं सुरवात केली.” आप्पांनी घसा साफ केला. जाळ्यांकडं तोंड करून, लहान पोरानं वर्गात म्हणावी तशी ती ओळ म्हटली:

“नांगरामागं तू चाललास, म्हणून मला...”

आणि थांबले.

“फुडं?” मी न राहवून विचारलं.

“फुडं न्हाई. एवढंच ऐकलं आन् माज्या डोळ्याम्होरं ती शाळा आली. मास्तर घरी आल्यालं, आई हात जोडतीया. डोस्कं फिरलं. म्हणलं, ‘बास. आता आठवलं व्हय रं? नगो मला. ठेव तुज्यापाशीच.’ तर म्हणला, ‘मला ठेवायची सवं न्हाई बाबू.’ म्हणलं, ‘मग सांग ह्या गड्यास्नी.’ तर म्हणला, ‘तुझी हाय. दुसऱ्याला कशी दिऊ?’”

ट्रॅक्टर निघून गेला.

“त्याच पावसात गेला तो. दिलीपचा फोन आला, तवा मी हितंच, शेडात हुतो.” आप्पांनी पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. “मास्तर, तुमी कविता शिकिवता. ‘म्हणून मला’च्या फुडं काय आसंल?”

मी शिकवतो खरं. वर्गात कुणी असं विचारलं असतं, तर चार शक्यता सांगितल्या असत्या. तिथं मात्र ‘माहीत नाही’ म्हणालो.

“मला बी न्हाई,” आप्पा म्हणाले. “लय जुळवून बघितलं. माज्या जुळवण्यात तो मापी मागतोय. पर त्यो तसा मागणाऱ्यातला नव्हता. त्याचं काय तरी येगळंच आसंल.”

“मग ते लगेच गेले?”

“न्हाई. एक घड हातात घेतला, दोन मणी खाल्ले. ‘गोड झाल्यात’ म्हणला. आन् चालाय लागला. एसटीला येळ हुता. रस्त्याच्या कडंला हुबा ऱ्हायला, उनात, स्वेटर घालून. बागंतनं मला दिसत हुता. त्याचं तोंड हलत हुतं. सगळी म्हणून बगत हुता, मला ठावं हाय. हितनं ऐकू याचं न्हाई, लय लांब. तिथवर जावं आसं आलं मनात. तवर गाडी आली.”

आप्पांनी हातातल्या काड्या खाली टाकल्या.

“बसला. खिडकीतनं हात केला त्यानं. म्या बी केला. माज्या हातात कात्री हुती. त्याला हात दिसला का नुसती कात्रीच, कुणाला ठावं.”